संगणकशास्त्राची पदवी : छाप आणि कस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अंबत्तूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीच्या चिटणीसांनी आमच्याकडे हा विषय सोपविला, तेव्हा आम्ही त्यांना प्रथम इतकेच विचारले की, आपण चुकीच्या घराची कडी तर वाजवीत नाही ना? आम्ही इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेले. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ काढला, तो फायली, टिपणे आणि परिपत्रके यांच्या सहवासात. संगणकशास्त्राच्या पदवीविषयी बोलण्याचा आमचा अधिकार काय? त्यावर चिटणीस हसून म्हणाले, "साहेब, दर वर्षी मे महिन्यात मंडळातली अर्धी माणसे गुणपत्रिका घेऊन तुमच्याच घरी येतात. मग बोलायचे दुसऱ्या कोणी?"

हे खरे आहे. परगावी राहणाऱ्या माणसाला सल्ल्यासाठी काका-मामा जवळ नसतात. ती जागा मंडळातला एखादा वयाने मोठा, सरकारी नोकरीतला मनुष्य आपोआप भरून काढतो. अशी पुष्कळ वर्षे आम्ही सल्ले देत आलो. सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही, जाते ते घेणाऱ्याचे, हा धडा मात्र आम्हांला उशिरा मिळाला. आजचे हे भाषण म्हणजे काही अंशी त्या धड्याचा जाहीर कबुलीजबाब आहे. आपण तो सहानुभूतीने ऐकावा, अशी विनंती आहे.

आपण बसलो आहोत त्या गावापासूनच आरंभ करू. अंबत्तूर हे एके काळी तळ्याकाठचे खेडे. स्वातंत्र्यानंतर येथे सायकलींचा मोठा कारखाना आला, पाठोपाठ टायरचा आला, आणि १९६४ साली औद्योगिक वसाहत उभी राहिली. लहान उद्योगांची एवढी मोठी वसाहत देशात क्वचितच दुसरी असेल. त्या काळी ज्याच्या हाती यांत्रिकी शाखेची पदविका होती, त्याला येथे उपाशी राहावे लागत नसे. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग हे शब्द येथील घराघरांत बोलले जात. पुढे टायरच्या कारखान्याचा भोंगा थांबला. काही शेडच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि सकाळच्या पाळीला जेवणाचा डबा घेऊन जाणाऱ्या कामगारांच्या शेजारून गळ्यात ओळखपत्र अडकविलेली तरुण मुले चालू लागली. २०११ साली अंबत्तूर नगरपालिका चेन्नई महानगरपालिकेत विलीन झाली, तोवर गावाने आपले रूप पालटले होते. हे स्थित्यंतर आपल्या मंडळाने पन्नास वर्षे डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच, अमुक एक शिक्षण घेतले की भाकरीची कायमची सोय झाली, असे म्हणण्याचे धाडस निदान अंबत्तूरच्या रहिवाशाने तरी करू नये.

आता आमच्या कबुलीजबाबाकडे वळतो. आपल्या मंडळात गलाईचा व्यवसाय करणारी काही कुटुंबे आहेत. सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतून निघालेली ही माणसे सोने-चांदी आटविण्याची विद्या घेऊन देशभर पसरली. चेन्नईच्या सौकारपेठेत त्यांच्या भट्ट्या आहेत. अशाच एका गृहस्थांचे नाव न घेता आम्ही ही हकीकत सांगत आहोत, आणि ती सांगण्यास त्यांची अनुमती आहे. ते स्वतः सातवी शिकलेले. २०१९ साली त्यांचा थोरला मुलगा बारावी झाला. गुण बरे होते, पण राज्याच्या समुपदेशनातून हव्या त्या महाविद्यालयात संगणकशास्त्राची जागा मिळण्याइतके नव्हते. एका खासगी महाविद्यालयात व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा मिळत होती, तिचा खर्च त्यांच्या ऐपतीबाहेरचा होता. ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "गावाकडं एक एकर हाय, सायेब. टेंभूचं पानी आल्यापास्नं भाव आलाय. इकू का?"

आम्ही त्यांना म्हणालो, "विका. मुलगा नोकरीला लागला की चार वर्षांत दुप्पट जमीन घेऊन देईल."

पिढ्यान् पिढ्या ज्या जमिनीने पावसाची वाट पाहिली, तिला पाणी मिळाले त्याच सुमारास ती विकण्याचा सल्ला आम्ही दिला, आणि तो देताना आमच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. आजूबाजूला जो तो तेच सांगत होता. आम्हीही तेच सांगितले.

मुलगा हुशार आणि कष्टाळू निघाला. २०२२ सालच्या पावसाळ्यानंतर महाविद्यालयातच मुलाखती झाल्या, आणि एका मोठ्या कंपनीचे नेमणुकीचे पत्र त्याच्या हाती पडले. वडिलांनी त्या वर्षी मंडळात पेढे वाटले. २०२३ साली तो पदवीधर झाला. रुजू होण्याची तारीख मात्र पत्रात नव्हती. आज कळवू, उद्या कळवू, असे करीत चौदा महिने गेले, आणि अखेर आता आवश्यकता नसल्याचे चार ओळींचे पत्र आले. त्या दोन्ही वर्षी हा मुलगा गणेशोत्सवाला आला नाही. एरवी मूर्ती आणण्यापासून विसर्जनापर्यंत पुढे असणारा मुलगा का दिसत नाही, असे आम्ही त्याच्या वडिलांना विचारले, तेव्हा ते खाली पाहून म्हणाले, "लाज वाटती त्याला, समदी नोकरीचंच इचारत्यात." विचारणाऱ्यांत आम्हीही होतो.

हे एकट्याचे दुर्दैव असते, तर आम्ही ते व्यासपीठावर आणले नसते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही देशातील सर्वांत मोठी संगणकसेवा कंपनी. २०२३-२४ या वर्षात तिच्या कर्मचाऱ्यांची संख्या १३,२४९ ने घटली. भांडवलबाजारात कंपनीची नोंद झाल्यापासून असे प्रथमच घडले. त्याच वर्षी इन्फोसिसची संख्या २५,९९४ ने कमी झाली. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १२,००० जागा कमी करण्याचे जाहीर केले. परदेशांत गुगलने जानेवारी २०२३ मध्ये १२,००० लोकांना कमी केले, आणि मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात १०,००० जागा कमी करण्याची घोषणा केली. मोठ्या कंपन्यांत नवशिक्या पदवीधराचा आरंभीचा पगार तर दहा वर्षांहून अधिक काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिला आहे. या अवधीत तांदळाचा आणि घरभाड्याचा भाव कोठे गेला, हे येथील भगिनींना आम्ही सांगावयास नको.

एकीकडे मागणी अशी मंदावली असताना दुसरीकडे पुरवठ्याचे दार सताड उघडले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या ठरलेल्या महाविद्यालयांना एका शाखेत किती जागा ठेवाव्या यावरील मर्यादा काढून टाकली. तेव्हा पुष्कळ महाविद्यालयांनी यांत्रिकी आणि स्थापत्य शाखांच्या जागा कमी करून संगणकाच्या वाढविल्या. इमारत एका वर्षात रंगविता येते, पण शिक्षक एका वर्षात तयार होत नाही. मग शिकविणार कोण, हा प्रश्न पालक विचारीत नाहीत, आणि महाविद्यालय आपण होऊन त्याचे उत्तर देत नाही.

यात भर पडली ती नव्या यंत्राची. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅट जीपीटी जगापुढे आले. साध्या भाषेत सांगितलेले काम ऐकून संगणकाचा कार्यक्रम लिहून देणारी यंत्रे त्यानंतर झपाट्याने सुधारली. नवशिक्या मुलांना पूर्वी पहिली दोन वर्षे जे किरकोळ काम दिले जाई, त्यातले बरेचसे आता यंत्र करते. जिन्याची वरची पायरी शाबूत आहे, पण पहिलीच पायरी काढून घेतली जात आहे. वर चढलेली माणसे काल कधीतरी पहिल्या पायरीवर होती, याचा विचार कंपन्यांना आज ना उद्या करावा लागेल. तोवर ज्याचा पाय अधांतरी आहे त्याचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, "तर मग निर्णय झाला. ही पदवी घेऊ नये." इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्ही येथे थोडे थांबण्याची विनंती करतो.

संगणक माणसांचे काम खाणार, ही आरोळी आज प्रथम उठलेली नाही. आयुर्विमा महामंडळ संगणक आणणार म्हणून १९६० च्या दशकात कर्मचाऱ्यांनी, विशेषेकरून कलकत्त्यात, मोठा लढा दिला. बँकांमध्ये यंत्रे आणण्याविषयी कामगार संघटनांशी पहिला महत्त्वाचा करार झाला तो १९८३ साली. रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८६ साली दिल्लीत सुरू झाले, तेव्हाही आरक्षण कारकुनाचे काय होणार, अशी चर्चा होती. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा आमच्या कार्यालयात टंकलेखकांची एक लांबलचक रांग बसत असे. टायपिंगची लोअर आणि हायर परीक्षा ही त्या काळची पदवीच होती. म्हैलापूरपासून अंबत्तूरपर्यंत गल्लोगल्ली टायपिंगचे वर्ग होते, आणि त्या यंत्रांचा खडखडाट हा मध्यमवर्गाच्या आशेचा आवाज होता. आज ते पदच उरले नाही. काम मात्र कमी झाले नाही, उलट वाढले. पूर्वी महिन्याला जितकी पत्रे निघत, तितकी आता दिवसाला निघतात.

परंतु येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. 'जुने काम गेले तर नवे येते' असे म्हणून व्याख्याते टाळ्या घेतात, पण ज्याचे जुने गेले त्यालाच नवे मिळते, असे नाही. त्या रांगेतले दोघे-तिघे पुढे संगणक शिकून उत्तम अधिकारी झाले. बाकीचे निवृत्त होईपर्यंत आवक-जावकच्या टेबलावर बसून राहिले. दोन्ही प्रकारच्या लोकांपाशी प्रमाणपत्र एकच होते. फरक होता तो एवढाच की, पहिल्यांना इंग्रजी वाक्य कसे बांधावे आणि कार्यालयाचे काम कसे चालते, हे कळत होते. दुसऱ्यांना फक्त यंत्र बडविता येत होते.

याच मद्रासमध्ये शिकलेल्या एका थोर मराठी पुरुषाचे उदाहरण घेऊ. सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले, जन्म १८२८ सालचा, कुंभकोणमचा. मद्रासच्या सरकारी हायस्कुलात ते शिकले, गणितात त्यांनी नाव काढले, आणि सरकारी लेखा कार्यालयात नोकरी धरली. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. आता गंमत अशी की, मद्रास विद्यापीठाची स्थापनाच मुळी १८५७ सालची. म्हणजे माधवरावांच्या विद्यार्थिदशेत या शहरात विद्यापीठाची पदवी अस्तित्वातच नव्हती. त्यांच्यापाशी होते ते शिक्षण. पदवी नसतानाही शिक्षण असू शकते, तद्वत शिक्षण नसतानाही पदवी असू शकते. आपल्या प्रश्नाची किल्ली याच भेदात आहे, असे आम्हांला वाटते.

तेव्हा, संगणकशास्त्राचे शिक्षण म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी की, हे शास्त्र म्हणजे संगणकाची एखादी भाषा शिकणे. भाषा हे साधन आहे, आणि साधने बदलतात. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये १९६३ साली आय. बी. एम. १६२० हे यंत्र आले, आणि मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये १९७३ साली आय. बी. एम. ३७०. त्या यंत्रांवर मुले भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याने काम करीत. ती कार्डे गेली, यंत्रे गेली, त्या वेळच्या बहुतेक भाषाही मागे पडल्या. तरी त्या पहिल्या पिढीतली माणसे निरुपयोगी झाली नाहीत, कारण त्यांनी कार्डे लावण्यापलीकडचे काही शिकून घेतले होते.

ते काय, याचा एक नमुना आमच्यासारख्या बी. ए. माणसाला समजला तो असा. समजा, एका नोंदवहीत दहा लाख नावे आहेत, आणि आपल्याला एक नाव शोधावयाचे आहे. नावे कशीही लिहिली असतील, तर दैव खट्टू असल्यास दहा लाख नावे वाचावी लागतील. पण तीच यादी अकारविल्हे लावलेली असेल, तर नेमके मधले पान उघडावे. आपले नाव त्याच्या आधी येते की नंतर, हे पाहावे. निम्मी वही बाजूला पडते. उरलेल्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग करावेत. असे केल्यास अवघ्या वीस वेळा पाहून दहा लाखांतले नाव सापडते. यंत्र कितीही वेगवान असो, दहा लाख आणि वीस यांतला फरक विचाराने पडतो, वेगाने नव्हे. माहिती कशी रचावी, रीत कशी शोधावी, ती बरोबर आहे हे सिद्ध कसे करावे, अनेक यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे, आणि एक बिघडले तरी बाकीची कशी चालू ठेवावीत, हे या शास्त्राचे खरे विषय आहेत. यातले एकही चॅट जीपीटी आल्याने शिळे झाले नाही. उलट यंत्राने लिहून दिलेले बरोबर आहे की नाही, हे तपासणारा मनुष्य हवा असेल, तर त्याला हेच यावे लागेल.

१९८० च्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तो महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. पुष्कळ लहान यंत्रे एकत्र जुंपून मोठे काम कसे करून घ्यावे, हा तेथला प्रश्न होता. केवळ एक भाषा घोकलेल्या माणसांकडून ते काम झाले नसते.

आता बाहेरच्या जगातली एक आकडेवारी पाहू. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०२५ साली अमेरिकेतील नव्या पदवीधरांविषयी जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत संगणकशास्त्राच्या पदवीधरांतील बेकारी सुमारे ६ टक्के, तर तत्त्वज्ञानाच्या पदवीधरांतील सुमारे ३ टक्के दाखविली होती. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले, आणि आमच्यासारख्या बी. ए. लोकांना क्षणभर बरेही वाटले. परंतु आम्ही आयुष्यभर तक्ते वाचलेले आहेत. शेजारचा रकाना वाचल्याशिवाय आम्ही सही करीत नाही. पदवीची गरजच नाही असे काम नाइलाजाने करणाऱ्यांचे प्रमाण संगणकवाल्यांत सुमारे १७ टक्के होते, आणि तत्त्वज्ञानवाल्यांत ४० टक्क्यांहून अधिक. म्हणजे संगणकाच्या पदवीधराला नोकरी मिळायला वेळ लागतो, पण मिळाली तर ती बहुधा त्याच्या शिक्षणाला साजेशी असते. आपल्या देशातही चित्र एकरंगी नाही. पंचवीस वर्षांखालील पदवीधरांत बेकारीचे प्रमाण ४२ टक्क्यांहून अधिक असल्याचे अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात म्हटले आहे, आणि तो आकडा सर्व शाखांच्या पदवीधरांचा मिळून आहे. दुःख एकट्या संगणकाचे नाही. दुसरीकडे परदेशी कंपन्यांनी भारतात उघडलेल्या स्वतःच्या कामाच्या केंद्रांची संख्या २०२४ साली १,७०० हून अधिक होती आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसे काम करीत होती. त्यांतली कित्येक याच चेन्नईत आहेत. मागणी मेलेली नाही. ती निवडक झाली आहे.

आता पैशाचा हिशेब. आमच्या मते हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि २०१९ साली आम्ही नेमका तोच केला नाही. समजा, आठ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने काढले आणि दहा वर्षांत फेडावयाचे ठरविले. महिन्याचा हप्ता सुमारे १०,६०० रुपये येतो. शिक्षणाच्या काळातले व्याज निराळेच. साडेतीन लाख वार्षिक पगार म्हणजे हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास. हप्ता वजा जाता उरतात ते चौदा-साडेचौदा हजार. त्यात चेन्नईतली खोली, जेवण आणि बसभाडे. आणि हे सारे नोकरी वेळेवर मिळाली तर. हेच शिक्षण सरकारी महाविद्यालयात गुणांवर मिळाले, तर त्याची फी खासगीच्या मानाने फारच थोडी असते. पदवी एकच, अभ्यासक्रम बहुतांशी एकच, पण एक घर कर्जात बुडते आणि दुसरे तगते. तेव्हा 'ही पदवी घेण्यासारखी आहे काय?' या प्रश्नाला 'कितीला?' हा उपप्रश्न जोडल्याखेरीज उत्तर देता येत नाही.

पालकांसाठी आमचे चार शब्द असे. ज्याला बारावीचे गणित हे ओझे वाटते, त्याला केवळ शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून या शाखेत ढकलू नये. महाविद्यालय पाहण्यास जाल तेव्हा प्रवेशद्वार पाहू नका. तिसऱ्या वर्षाची चार मुले गाठून प्रयोगशाळेत कोण शिकवितो, हे विचारा. नोकऱ्यांचे आकडे दाखविले, तर नेमणुकीची पत्रे किती आणि प्रत्यक्ष रुजू झालेली मुले किती, हे वेगवेगळे मागा. येथे आठवी ते बारावी शिकलेल्या आपल्या मुलांना तमिळनाडूच्या समुपदेशनात भाग घेता येतो. मात्र मूळ गाव महाराष्ट्रातले असल्यास त्यांना खुल्या गटातच धरले जाते, हे आधीच लक्षात ठेवून गुणांचा अंदाज करावा. गणित, पदार्थविज्ञान आणि रसायन यांचे मिळून २०० पैकी किती गुण होतात, यावर सारे ठरते. आणि जमीन, दागिना किंवा म्हातारपणची पुंजी मोडून जागा विकत घेऊ नये. ज्याला हा विषय खरोखर हवा आहे, त्याला इतर दारे उघडी आहेत. आय. आय. टी. मद्रासचा घरबसल्या करावयाचा पदवीक्रम २०२० पासून चालू आहे आणि त्याला जे. ई. ई. लागत नाही. एन. पी. टी. ई. एल. वरील आय. आय. टी. प्राध्यापकांची व्याख्याने तर विनामूल्य ऐकता येतात. विद्युत किंवा यांत्रिकी शाखा घेऊन जोडीला संगणक शिकणारा मुलगा अंबत्तूरसारख्या गावात कदाचित अधिक लवकर उभा राहील.

हे शेवटचे वाक्य आम्ही अनुभवाने म्हणतो. त्या गलाईवाल्या गृहस्थांचा मुलगा पत्राची वाट पाहत असता आपल्या वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात महिना पंधरा हजारांवर लागला. तेथे सी. एन. सी. यंत्रे आहेत. कोणते यंत्र किती वेळ थांबले, किती नग झाले, किती बाद गेले, हे फळ्यावर खडूने लिहीत असत. त्याने यंत्रांतून ती माहिती परस्पर घेऊन मालकाच्या समोर रोज सायंकाळी मांडण्याची व्यवस्था लिहिली. त्यात नव्या यंत्रबुद्धीचीही मदत घेतली. पण कोठे तिने चुकीचे सांगितले, हे त्याला ओळखता आले. आज तो तेथेच आहे. पगार वाढला आहे, फार नाही. शेजारच्या दोन शेडवाल्यांनी तेच काम त्याला सांगितले आहे. काचेच्या इमारतीसाठी घेतलेले शिक्षण पत्र्याच्या शेडमध्ये उपयोगी पडले. विकलेली जमीन परत आलेली नाही, आणि ती येईल असे आता आम्ही कोणाला सांगत नाही.

गेल्या वर्षी त्यांची धाकटी मुलगी बारावी झाली. बाप-लेक आमच्याकडे आली. आम्ही पोळलेले. म्हणून आम्ही लगेच म्हणालो, "या वेळी संगणक नको." मुलगी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "काका, दादाला नोकरी मिळाली नाही म्हणून विषय वाईट झाला का?" आम्हांला उत्तर सुचले नाही. तिचे गुण चांगले होते. तिने स्वतःच ठरविले होते की, समुपदेशनातून सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयात संगणकशास्त्र मिळाले तर घ्यावयाचे, न मिळाले तर विद्युत शाखा घ्यावयाची, पण कोट्याची जागा घ्यावयाची नाही आणि बापाला आणखी काही विकू द्यावयाचे नाही. आम्ही चाळीस मिनिटांत जे आपणांस सांगितले, ते तिने एका वाक्यात सांगितले. तिला संगणकशास्त्र मिळाले. पुढे तिचे काय होईल, याचे भाकीत आम्ही करणार नाही.

निघताना आम्ही तिच्या वडिलांची क्षमा मागितली. जमिनीचा सल्ला आम्ही हिशेब न करता दिला होता, असे म्हणालो. त्यावर त्या गृहस्थांनी जे उत्तर दिले, तेच या व्याख्यानाचे सार आहे. ते म्हणाले, "सायेब, आमच्या धंद्यात शिक्क्यावर सोनं घेत न्हाईत. मुशीत घालून आटिवल्याबिगर कस कळत न्हाई. पोरगा आटला, पन कस निघाला. तुमी शिक्का बघून सांगितलं, येवढंच चुकलं."

बंधुभगिनींनो, पदवी ही छाप आहे. ती मारून देणारे आज पुष्कळ आहेत, आणि बाजार मंदीचा आहे. अशा बाजारात छापेला भाव राहत नाही, कसाला राहतो. ज्याच्या अंगी कस आहे, ज्याच्या घरावर तिचा बोजा पडत नाही, आणि ज्याला वाट पाहण्याचे धैर्य आहे, त्याने ही पदवी अवश्य घ्यावी. या तिन्हींपैकी एकही नसेल, त्याने घेऊ नये. आणि या दोहोंच्या मध्ये जे असतील, त्यांनी आमच्याकडे जरूर यावे. सल्ला आम्ही पूर्वीसारखाच देऊ, पण आता आधी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करू.

तिसरी एक विनंती मंडळाला आहे. पुढच्या गणेशोत्सवात कोणाही मुलाला "नोकरी लागली का?" असे विचारू नये. "काय करतोस?" असे विचारावे. तो मुलगा या वर्षी मूर्ती आणण्यास आला होता, आणि आज या सभागृहात ध्वनिक्षेपकाची व्यवस्था त्यानेच पाहिली आहे.